बाबा उंडीखाली बसतात

लाबुआन बाजो, १४ जून २००९

दोर्कासताई,

मी जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्या मागच्या पत्राची सुरुवातच "जिवंत असशील तर वाच" अशी होती. पत्राला जरा उशीर झाला तर एवढं घालूनपाडून बोलायचं? बोटीवर श्वास घ्यायला फुरसत नसते गं.

आमची 'नोना आंबाई' म्हणजे लाकडाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत, फक्त पोटात इंजिन आणि प्रत्येक खोलीत गार हवा. पाहुणे सोळा. सगळे साठीच्या पुढचे. कुणाचा गुडघा नवा, कुणाच्या छातीत यंत्र. पण हौस म्हणशील तर विचारू नकोस! उजाडायच्या आत रबरी होडीत बसतात, एखाद्या बेटावर चिखलात उतरतात, एक पक्षी बघतात, परत येतात आणि केक खातात. दुपारी नळ्या तोंडात धरून प्रवाळावर तरंगतात. याला ते मोहीम म्हणतात. बाबा पावसात होडी वल्हवत मीठ आणायला जायचे त्याला मग काय म्हणायचं, सांग बघू. परवा एका आजीबाईंनी विचारलं, तुमच्या गावाला समुद्र आहे का? मी म्हटलं, बाई, समुद्रच आहे, गाव आपलं तोंडी लावण्यापुरतं. खूप हसल्या.

आता खरी बातमी. माझं डेक पुसणं सुटलं. कप्तान मापाता मला सुकाणूजवळ उभं करतो. बुगी जमातीचा, पिढीजात दर्यावर्दी आहे, दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन "पाण्याचा रंग?" मी सांगतो, पुढे तपकिरी, म्हणजे उथळ आहे, डावीकडे घ्या. तो घेतो. अख्खं गलबत माझ्या तोंडाकडे बघून वळतं, ताई! हे सगळं बाबांचंच. लहानपणी रंग चुकला की डोक्यात वल्हं बसायचं, ते आठवतं ना?

बाबा काय म्हणतात? खरं लिही, गोड करून लिहू नकोस. मी निघालो तेव्हा ते धक्क्यावर आले नाहीत. घरातूनच ओरडले, "परक्यांना मासे दाखवत फिरणार? फीर. आपल्या दारातून मोठी बोट तू स्वतः आत आणशील त्या दिवशी येईन मी धक्क्यावर. तोवर नाही." दोन वर्षं झाली. मधे एकदा आलो तर जेवताना मीठ दे म्हणाले, तेवढंच. मला अजून ते लागतं, ताई. खोटं कशाला बोलू?

तुझा,
नाफ्ताली


वेरबुर, ३ जुलै २००९

नाफ्ताली,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बढाया मारतो." मग म्हणाले, ते पाण्याच्या रंगाचं पुन्हा वाच. मग साबुदाण्याची खळ पुढ्यात थंड होत होती तरी म्हणाले, ते बोट वळल्याचं कुठे आहे, तेवढं वाच. आता यावरून काय समजायचं ते तू समज. मला विचारशील तर म्हातारा फुगलाय, पण फुटायला तयार नाही.

दक्षिणेचा वारा सुरू झालाय. धक्क्याच्या दोन फळ्या गेल्या. बाबांना खोकला आहे, पण तो दर वाऱ्याला असतोच. ऐकत मात्र नाहीत. रोज संध्याकाळी केवड्याच्या पानांची ती रुंद टोपी डोक्यावर चढवायची आणि जाऊन उंडीच्या झाडाखाली बसायचं. मी म्हणते, तिथे काय ठेवलंय? म्हणतात, दार बघतो. म्हटलं, प्रवाळातली वाट काय पळून जाणार आहे? तर मला म्हणाले, तुला काय कळतंय, तू चुलीकडे बघ. म्हणजे तब्येत बरी आहे.

तुला एक निरोप आहे. माझा नाही, त्यांचा. "मोसमातली पहिली खेप असली तर होडी पुढे पाठवायची म्हणावं. बोटीवरून टकलू खडकाच्या डोक्यावर उंडी उभी केली की वाट सरळ आहे, पण आत वाळू सरकते." मी विचारलं, कुणाला सांगू? तर म्हणाले, ज्याला अख्खं गलबत वळवता येतं त्याला.

दारालगतच्या प्रवाळावरची बंदी चालूच आहे. पाळकांनी प्रार्थना करून काठीला पानं बांधली त्याला दोन वर्षं होतील. कुणी गळसुद्धा टाकलेला नाही. शेवंडी इतक्या माजल्यात की ओहोटीला मिशा दिसतात आणि शेजारच्या लोदेविकच्या तोंडाला पाणी सुटतं. नाताळात उघडणार. चर्चचं छप्पर त्यांच्या विक्रीवरच होणार आहे, तेव्हा सगळं गाव शेवंडींना पोटच्या पोरांसारखं जपतंय.

अंगावर दुखणं काढू नकोस. केक जपून खा.

ताई


वेरबुर, ९ ऑगस्ट २००९

आत्या,

आधी खाली बस. तू जमिनीवर आहेस म्हणून कागदावर लिहायचं धाडस करते.

बाबा गेले. मागच्या शुक्रवारी. खोकला छातीत उतरला, ताप चढला आणि वारा असा की होडी पाण्यात घातली की उलटून किनाऱ्यावर. लोदेविकने दोनदा प्रयत्न केला. सोरोंगला तुझ्याकडे आणता आलं असतं तर वाचले असते की नाही, देव जाणे. मी रोज तेवढाच विचार करते आणि रोज तिथेच अडते.

शेवटी शुद्धीत नव्हते. मला तुझं नाव घेऊन हाक मारत होते, याकोबा, होडी बांध. मी म्हटलं, बांधली.

शवपेटीला फळ्या नव्हत्या. शहरातून आणायच्या म्हटल्या तर वारा. लोदेविक म्हणाला, माझ्या घराची लाकडी भिंत काढतो. पुरुषमंडळी म्हणाली, भिंत कशाला, ती मोठी उंडी तोडू. खोबऱ्याची मोठी बोट यायची बंद झाल्यापासून त्या खुणेची गावात गरज कुणाला? आपल्या होड्या प्रवाळावरून कुठूनही शिरतात. ती खूण धरणारा माणूस तर घरात निजलेला. कोणी नको म्हणालं नाही. मीही म्हटलं नाही. कुऱ्हाडीचा आवाज त्यांच्या उशाशी येत होता, आत्या. त्यांचीच बसायची जागा तोडून त्यांची पेटी केली. लाकूड फार चांगलं निघालं, सगळे म्हणाले.

आता नाफ्तालीचं काय करू? तो फ्लोरेसच्या बाजूला बोटीवर आहे. त्याला कळवायला तर हवं. पत्र लिहायला बसते आणि कागद फाडून टाकते. तू मोठी आहेस, तू सांग.

दोर्कास


सोरोंग, १६ ऑगस्ट २००९

दोर्कास,

पत्र मासळीबाजारातच वाचलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तिला म्हटलं, बाई, आज तराजू बंद. माझ्या पाठचा तो, मी त्याला कडेवर खेळवलेलं. माझ्याआधी जायची काय घाई होती मेल्याला? आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही.

रडून झालं. आता ऐक. पोराला कळवायचं नाही. मुळीच नाही. पाण्यावर असलेल्या माणसाला घरचं मरण सांगत नाहीत, हे तुला मी सांगायला हवं? पाण्यावर ज्याच्या कानी पडतं त्याचे पाय पाण्यातच राहतात. तुझ्या काकाचं काय झालं? शहाण्या शिक्षकाने तार धाडली, आई वारली म्हणून. पोचला का घरी? त्याची पेटीसुद्धा नशिबात नव्हती आपल्या. ते काही नाही. पाय मातीवर, हात हातात, मग सांगायचं.

ऑक्टोबरात त्याची बोट इकडे येते. सोरोंगला उतरला की मी सांगेन. मी सांगेन, तू नव्हे. तुझ्याच्याने व्हायचं नाही, तू आधी रडशील. तोवर पत्रं लिही नेहमीसारखी. बाबा बरे आहेत लिही. खोटं बोलायला जीव कचरत असेल तर माझ्या नावावर बोल, माझ्या नावावर पुष्कळ जमा आहे.

तो मला फोन करतो अधूनमधून. बाबा कसे आहेत विचारलं की मी ओरडते, ऐकू येत नाही रे, आणि ठेवून देते. काल तीनदा ठेवला.

साखर, दिव्याचं तेल आणि सुपारी पाठवतेय. जेवत जा.

आत्या


बांदा, ३० ऑगस्ट २००९

ताई, ताई, ताई!

बसली आहेस ना? नसलीस तरी चालेल, नाच!

मोसमाची पहिली खेप वेरबुरला येणार. आपल्या वेरबुरला! कप्तानाने नकाशा पसरला आणि म्हणाला, इथे काहीच आकडे नाहीत, पाणी किती खोल, कुणाला ठाऊक? मी म्हटलं, मला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या बाबांनी तीस वर्षं खोबऱ्याच्या बोटी आत घेतल्या, मी त्यांच्या पुढ्यात बसलेला असायचो. त्याने नकाशा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तू घेशील आत?" मी हो म्हटलं. 

म्हणाला, होडी पुढे पाठवू. मी म्हटलं, आपल्याच दारात कुणी काठी टेकत शिरतं का? बाबांचा निरोप लक्षात आहे, त्यांना राग येईल, पण तू सांगू नकोस. बाबा धक्क्यावरून बघणार आणि माझ्यापुढे रबरी होडीत कुणीतरी दोरीने पाणी मोजत चाललेला? नाही गं. हे मला सरळ, एका दमात करायचंय. टकलूच्या डोक्यावर उंडी, की आत.

म्हणून विचारतो, टकलूची पांढरी टाळू अजून मोकळी आहे ना, झुडपं तर नाहीत चढली? आणि उंडी? दक्षिणेच्या वाऱ्याने फांद्या गेल्या असतील तर लिही. आणि बाबा! त्यांना नुसतं कळव, फार आग्रह करू नकोस, आग्रह केला की ते उलटे फिरतात. धक्क्यावर आले तर उत्तमच. नाही आले तरी उंडीखाली बसतील ना, मला तेवढं पुरे. मी लांबूनच ओळखीन.

त्यांच्यासाठी जाड लोकरी बंडी घेतली आहे. खोकल्याला बरी.

वीस ऑक्टोबरला सकाळी येऊ. त्याआधी आम्ही अंबोनला तेल भरायला थांबतो, तिथल्या कचेरीच्या पत्त्यावर उत्तर लिही. नक्की लिही. आत्याला फोन केला की तिला ऐकू येत नाही आणि मला उगाच काहीबाही वाटत राहतं. तुझं पत्र आलं की झालं.

नाफ्ताली


वेरबुर, २२ सप्टेंबर २००९

नाफ्ताली,

तुझं पत्र पोचलं. गावात सांगितलं. पाळक म्हणाले, मुलांना गाणं बसवायला हवं. लोदेविकने धक्क्याला नव्या फळ्या ठोकायला घेतल्या. बायका आत्तापासून भांडतायत, पाहुण्यांना साबुदाण्याची खळ आवडेल की कंद उकडायचे. मी म्हटलं, केक मागितला तर काय कराल?

इकडे सगळं ठीक आहे. टकलूची टाळू मोकळी आहे. बाबा बरे आहेत. खोकला आता नाही. रोज संध्याकाळी टोपी घालून उंडीखाली बसतात, दाराकडे बघत. तू येणार हे त्यांना सांगितलं आहे. काही बोलले नाहीत. तू काळजी करू नकोस. तू नीट ये.

ताई

ताजा कलम, हे आत्यासाठी. (आत्या, हा कागद वेगळा काढ आणि वरचं पत्र तेवढं अंबोनला टाक. त्याने सरळ विचारलं, मी काय लिहिणार?  तो सोरोंगला उतरला की पहिल्यांदा त्याला गाठ. बाबांचं सांग आणि उंडीचंही सांग, म्हणजे तो गलबत आत आणायचा हट्ट धरणार नाही. तुझ्या भरवशावर मी हे खोटं लिहिलं आहे.)


सोरोंग, १७ ऑक्टोबर २००९

दोर्कास,

मला शिव्या घाल. आधीच सांगते, घाल.

तो काल आला. बाजारात शिरतानाच ओरडला, आत्या, बहिरी झालीस म्हणे! आणि सगळ्यांदेखत मला उचलली. अंगाला साबणाचा वास. बोटीची टोपी, त्यावर सोनेरी अक्षरं. मासे विकणाऱ्या साऱ्या बायकांना सांगितलं, वीस तारखेला मी माझ्या गावात गलबत नेतोय आणि माझा बाप बघतोय. मी त्याचा हात धरून त्याला मागे शेडमध्ये नेलं. पाय मातीवर होते, हात हातात होता. सगळं जसं हवं तसं.

मी म्हटलं, नाफ्ताली, बस. तर म्हणाला, बसायला वेळ नाही, पाहुणे चढतायत, आणि पिशवीतून ती बंडी काढली. "आत्या, तू आणि बाबा एका मापाचे. घालून दाखव ना." मी घातली, दोर्कास. माझ्या मेलेल्या भावाची बंडी अंगात घालून मी उभी, आणि ते पोर लांब जाऊन बघतंय, बाह्या लांब होतील का म्हणून. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी त्यानेच विचारलं, काय गं? मी म्हटलं, रंग छान आहे.

एवढं तोंड माझं, सगळा बाजार घाबरतो. ऐन वेळी त्या तोंडाला कुलूप लागलं.

गेला तो. तुझं पत्र त्याच्या खिशात आहे, त्याने मला वाचूनही दाखवलं. आता तूच सांग. बोट लागली, त्याचा पाय वाळूवर पडला, की कुणी काही बोलायच्या आत त्याला बाजूला घे. धक्क्यावर गर्दी असेल, कुणीतरी पटकन बोलून जाईल. तू पुढे हो.

हे पत्र उद्याच्या मालाच्या होडीने पाठवते. त्याचं गलबत बेटं दाखवत वळसा घालून येतंय, तेव्हा तुला आधी मिळेल.

तुझी नालायक
आत्या


सोरोंग, ८ नोव्हेंबर २००९

ताई,

त्या दिवशी मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू दोनदा जवळ आलीस, मी दोनदा तोंड फिरवलं. पाहुण्यांना आत्या-मावश्यांनी अंगणात बसवून चहा दिला, कुणी एका आजीबाईंचा मोडलेला हात फळीला बांधला, हे सगळं मी बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. संध्याकाळी पोलिसांची बोट आली, तिच्यातून मी आणि कप्तान इकडे आलो. तेव्हापासून इथेच आहोत, बंदराच्या कचेरीत रोज जायचं.

प्रवाळावर चढलेलं गलबत तुमच्या समोरच आहे, मी काय सांगू. लोदेविककडून कळलं की ओढबोटीने खेचलं तेव्हा आणखी फुटलं, आणि प्रवाळाचा चुरा किनाऱ्याला लागतोय. बंदीचा सगळा पट्टा गेला ना? नाताळला आता काय उघडणार? गावातल्या प्रत्येकाचं तोंड मी रोज आठवून बघतो. कुणी शिवी दिली नाही मला. पाळकांनी खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कचेरीतल्या साहेबाने विचारलं, खूण काय धरली? मी म्हटलं, झाड. तो हसला. कप्तान हसला नाही. त्याचा परवाना जाणार आहे आणि तरी तो त्यांना म्हणाला, पोराने रंग कधी चुकवला नव्हता. मी होडी पुढे पाठवू दिली नाही, हे मी सांगितलं. ती माझी चूक आहे, ती मी कुणावर ढकलणार नाही. पण त्यांनी विचारलं, गावाकडून काही लेखी सूचना होती का? मी म्हटलं, नाही. तुझं पत्र तेव्हा खिशातच होतं.

बाबा ऑगस्टातच गेले, हे मला पाळकांनी सांगितलं. चालत गेलो होतो उंडीकडे, गुडघाभर पाण्यातून, रक्ताळलेल्या पायांनी, ओरडत, बाबा, बाबा, बघितलंत का काय झालं? आणि तिथे बुंधा. तोडलेला, जुना झालेला, वर मुंग्या. बुंध्यापलीकडे धाकटी उंडी. मी लहान असताना कमरेएवढी होती, मी गेलो तेव्हा घराएवढी, आता थोरलीएवढी झालीय. तिच्यावर खूण धरली मी. लांबून काय कळतंय? एकच उंडी दिसली, टकलूच्या डोक्यावर उभी केली, आणि आलो.

ताई, मी तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही, निदान रोज नाही. आत्या येते, डबा ठेवते, रडते, जाते. ती बंडी तिलाच घाल म्हटलं. घालत नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. कप्तानालाही नाही. तो मला वेडा ठरवील.

मला शंका आली होती. सकाळी झिमझिम होती, सगळं करडं दिसत होतं. उंडी जरा डावीकडे वाटली. शेंडा बारीक वाटला. मी कप्तानाला म्हणणार होतो, थांबा, होडी सोडा. शब्द तोंडात आला होता. आणि तेवढ्यात मला बाबा दिसले. शपथेवर सांगतो. उंडीखाली बसलेले, ती रुंद टोपी घालून, गुडघे जवळ घेऊन, नेहमीसारखे. तू लिहिलं होतंस तसेच. मी कप्तानाला म्हटलं, ते बघा माझे बाबा! त्याने दोनदा भोंगा वाजवला. मी बाहेर जाऊन हात हलवला. आणि ताई, त्यांनीही हात हलवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं, मी म्हटलं, सरळ चला, ही आमचीच वाट आहे.

पाळक म्हणाले, त्यांना जाऊन अडीच महिने झाले होते. मग मला हात कुणी केला? ते माझ्यावर इतके चिडले होते का, की त्यांनी मला प्रवाळावर बोलावून घेतलं? मला झोप लागत नाही, ताई. तू त्यांच्याजवळ होतीस शेवटी. एवढं एकच सांग, ते माझ्याबद्दल काय बोलत होते? या वेळी खरं लिही.

नाफ्ताली


वेरबुर, १९ नोव्हेंबर २००९

नाफ्ताली,

लोदेविक सोरोंगला येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. त्याला सांगितलं आहे, तू जमिनीवर असशील तेव्हाच द्यायचं, आणि तू वाचशील तोवर त्याने तुझा हात धरून बसायचं. त्याला लाज वाटेल, पण तो बसेल.

तुझं पत्र मी चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं. वाचलं नाही, सांगितलं. माझं पत्रही सांगितलं. आता गावाला माहीत आहे की गलबत प्रवाळावर कुणी चढवलं.  बंदीची काठी पाळकांनी आज काढली, आणि काढताना मला धरायला बोलावलं. खाली काही उरलेलं नाही. पांढरं झालंय सगळं.

तू विचारलंस बाबा काय म्हणायचे. तुझं जूनचं पत्र त्यांच्या उशाखाली होतं. ताप चढल्यावरही विचारायचे, बोट कुठवर आली? मी म्हणायचे, येतेय. ते तुझ्यावर चिडलेले नव्हते. हे खरं आहे. मी आता तुला काहीही लिहिलं तरी तू विश्वास का ठेवावा, मला कळत नाही. पण हे खरं आहे.

आणि मेलेलं माणूस तुला दिसलं नाही, नाफ्ताली. त्यांना यात ओढू नकोस.

आत्याचं पत्र आदल्या संध्याकाळी आलं. तुला अजून माहीत नाही हे कळल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. लोदेविक म्हणाला, मी होडी काढतो, दाराबाहेरच त्याला गाठू. मीच नको म्हटलं. पाण्यावर सांगायचं नसतं म्हणून. झाडाचं तर माझ्या मनातच आलं नाही. सप्टेंबरात आठवत होतं, आत्याला बजावलंही होतं, आणि त्या सकाळी डोक्यात फक्त बाबा होते, तुला कोणत्या शब्दांत सांगू एवढंच होतं.

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. कुणीतरी पटकन बोलून जाईल म्हणून मी उजाडताच तिकडे धाकट्या उंडीखाली जाऊन बसले. तू मला बघशील, आधी माझ्याकडे येशील, असं वाटलं. बाबांची टोपी तुझ्या हातात द्यायला घेतली होती. झिमझिम आली म्हणून डोक्यावर घातली.

भोंगा वाजला. तू बाहेर येऊन हात हलवलास, इतक्या लांबूनही तुझा आनंद दिसत होता. मला वाटलं, आता थोडाच वेळ आहे, तेवढा वेळ तरी खूश असू दे. म्हणून मीही हात हलवला.

दोर्कास